कोहळ्यावर थांबलेली तलवार

गुणवंता,

तुझ्या तेरवीला कस्तुरचंद कापडवाला माझ्यापेक्षा जास्त रडला. ही गोष्ट मला आवडली नाही. पंगत उठल्यावर तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला, उपरण्याचा बोळा त्याने तोंडाशी धरला आणि त्याचे ते भारी शरीर नुसते हलत राहिले. तुझी वहिनी मला म्हणाली, "मास्तर, जरा त्याइले समजवा ना." म्हणजे तुझ्या जाण्याने ज्याचे सर्वस्व गेले तो तो, आणि मी समजूत घालायला आलेला गावातला शहाणा माणूस! मी त्याला पाण्याचा गडवा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि मनात त्याला म्हणालो, गुणवंता माझा मित्र होता. तुझी त्याची ओळख किती दिवसांची? मी त्याच्याबरोबर पोहायला शिकलो आहे.

गेलेल्या माणसाशी भांडू नये असा संकेत आहे. परंतु आपले भांडण तू जिवंत असताना पुरे झाले नाही, आणि अर्धे काम टाकून उठण्याची मला सवय नाही. तेव्हा हे लिहिणे. तू ते वाचणार नाहीस हे मला समजते. तू जिवंत असतानाही माझे लिहिलेले कधी वाचले नाहीस.

गावात तुझ्याविषयी दोन गोष्टी सांगतात. एक, तू जपानी सरदाराला मारून त्याची तलवार आणलीस. दुसरी, तू तिथे जादू शिकलास. दोन्ही असत्य आहेत. मलायातून तू आणलेस ते एक पोते, पोटातला ताप आणि अंगात मुरलेले तलवारीचे हात. हात म्हणजे तलवारीची चाल, एक विशिष्ट फेक. हे तुला सांगण्याची गरज नाही. पण माझे लिहिलेले दुसरा कोणी वाचील, त्याची अडचण होऊ नये.

आपण दोघांनी एकाच दिवशी दाजी वस्तादांच्या आखाड्यात नारळ ठेवला. त्या काळी अनसिंगात शाळेपेक्षा आखाड्याची पटसंख्या मोठी होती. लाठी, मग ढाल-काठीचा फरीगदगा आणि शेवटी पट्टा. कोपरापर्यंत लोखंडी मुठीत हात घालायचा, पुढे लांब लवचिक पाते, आणि अंगाभोवती ते असे फिरवायचे की पाहणाऱ्याला माणूस दिसू नये. मी प्रत्येक हात तोडून पाहिला. कोणत्या पायावर भार, खांदा कधी वळतो, मनगट कधी. मी त्यांना अंक दिले आणि अंक पाठ केले. तू काहीच केले नाहीस. तू उशिरा यायचास, वस्तादांचे पाहायचास आणि तसेच करायचास. वस्ताद एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "नारायणाचा हात शायेतला हाय, गुणवंताचा हात घरचा." सगळे हसले. तूही हसलास. माझा तुझ्याविषयीचा मत्सर इतका जुना आहे की तो मला आता माझ्या उंचीसारखा, रंगासारखा वाटतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. गावाला तो ठाऊक होता, तुला तर सर्वांत आधी.

मी सातवी होऊन मास्तर झालो. तू थोरल्या भावाच्या शेतात राबू लागलास. मग युद्ध सुरू झाले आणि वाशीमला भरतीचा साहेब आला. मी तुला समजावले होते, दुसऱ्याच्या लढाईत आपण कशाला? तू म्हणालास, "मंग काय इथं तुयासारखे पाढे म्हनत बसू?" आणि गेलास. पहिल्या वर्षी पत्रे आली, नंतर बातमी आली की तुमची पलटण मलायात जपान्यांच्या हाती सापडली, आणि त्यानंतर काहीच नाही. त्या काळात आखाडा मी चालवला. वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते खाटेवरून नुसते ऐकत. पावलांच्या आवाजावरून ते चूक सांगत आणि मी ती सुधारून घेत असे. माझ्या हाताखाली पोरे शिस्तीत आली. ओळीत उभी राहू लागली. हे मी वाढवून सांगत नाही.

आणि दसऱ्याचा कोहळा मी कापत असे. आपल्या आखाड्यात पूर्वी बकरा कापत. वस्तादांच्या गुरूंनी ते बंद करून कोहळा आणला. पाटावर अख्खा कोहळा ठेवायचा, त्यावर कुंकवाची बोटे ओढायची, आणि वस्तादांच्या घरची ती परवान्यावरची एकच तलवार घेऊन एका घावात दोन फाका करायच्या. ज्याला वस्ताद तो घाव देतील तो पुढचा वस्ताद, हे कोणी बोलत नसे. सगळ्यांना माहीत असे. ओळीने त्या सगळ्या दसऱ्यांना वस्ताद म्हणाले, "मास्तर, काप." मी कापला. फाका सारख्या पडल्या.

मग तू परत आलास.

वाशीमच्या स्टेशनावरून बैलगाडीने आलास. मी वेशीपर्यंत धावत गेलो तर गाडीत एक वाळका माणूस बसलेला. मी तुला विचारले, "गुणवंता कुठे आहे?" तू म्हणालास, "मास्तर, तुले चष्मा लागला का बे?" मी तुझ्या गळ्यात पडून रडलो. हे येथे नोंदवून ठेवतो, कारण कस्तुरचंद तेव्हा दुकानात कापड फाडत होता.

महिनाभरात तू सीताराम सुताराकडे गेलास. मला बरोबर नेलेस. अंगणातल्या मातीत काठीने एक वाकडी रेघ ओढून म्हणालास, "सीताराममामा, तिवसाच्या लाकडाची अशी तलवार पाह्यजे. धार नको, मूठ दोन हातांची." मामांनी मान डोलावली. चार दिवसांनी आपण गेलो तर त्यांनी बैलगाडीच्या दांडीसारखी सरळसोट तलवार हाती ठेवली.

"मामा, वाकडी सांगतली होती न!"

"सांगतली होती," मामा म्हणाले. "पन लाकूडच वाकडं निंगालं. म्या भिजवून, दगडाखाली दाबून सरळ केलं. गिऱ्हाइकाले वाकडं लाकूड देनारा सुतार नाई मी."

तू तिथेच उकिडवा बसून हसत राहिलास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी मामांना वर्तुळाचा कंस समजावून सांगितला. मामांनी मला विचारले, "मास्तर, तुमी कायले तरास घेता? तो हसून राह्यला न?" दुसरी तलवार मामांनी इतकी वाकडी करून दिली की तिने गवत कापता आले असते. तू तीच ठेवलीस.

त्या तलवारीने तू मळ्यात विहिरीच्या थारोळ्यापाशी सकाळी एकटाच सराव करायचास. मी बांधावर बसून पाहायचो. त्यात दोन वेगळे प्रकार आहेत हे मी तिसऱ्या सकाळी ओळखले आणि तुला विचारले. तेव्हा तू सांगितलेस, आणि तेवढेच सांगितलेस.

तुमच्या छावणीवर पहाऱ्याला जपानी थोडे आणि कोरियाचे लोक पुष्कळ होते. कोरिया जपानच्या ताब्यात. आपण जसे इंग्रजांच्या, तसे ते. त्यांतला एक तुझ्या वयाचा. त्याला शाळेत जपानी तलवार सक्तीने शिकवली होती: गुडघे मोडून बसायचे, म्यानातून तलवार काढता काढताच घाव, मग थांबायचे, मग न पाहता पुन्हा म्यानात. दुसरी तलवार त्याच्या आजोबांची, त्याच्या स्वतःच्या देशाची. ती बसत नाही, थांबत नाही. गिरक्या घेते, डोक्यावरून फिरते, पाठीमागून येते. ती जपान्यांनी पाहिली तर त्याला मार पडला असता. एके दिवशी भटारखान्यामागे तू सरपणाच्या काठीने आपला पट्ट्याचा हात फिरवत होतास. त्याने पाहिले. ओरडला नाही. आपली बंदूक भिंतीला टेकवून ठेवली आणि बांबू उचलला.

"त्याचा आजा अन् आपला वस्ताद एकाच आखाड्यातले वाटतेत," तू म्हणालास.

"पण तुम्हांला एकमेकांची भाषा येत नव्हती."

"नव्हती."

"मग त्याने शिकवले कसे?"

"भाषा नव्हती म्हनूनच शिकवता आलं. बोलला असता तं चुकलो असतो."

मी आयुष्यभर बोलून शिकवत आलो आहे, गुणवंता. तुला ते ठाऊक होते. मी म्हणालो, "त्याचे नाव काय?" तू विहिरीत पाहत राहिलास. "हाय एक," म्हणालास. मी तुला माझ्या मुंजीपासून लग्नापर्यंतचे सगळे सांगितलेले. माझ्या सासऱ्याच्या घोरण्याची नक्कल तू वाशीमच्या बाजारात करून दाखवलेली. आणि तू मला त्या माणसाचे नाव सांगितले नाहीस. पट्ट्यात कोणी माझ्या पुढे गेले तर मला राग येतो, पण तो मला समजतो. हा निराळा होता. समुद्रापलीकडे एक माणूस होता, त्याच्यापाशी तुझा असा एक भाग होता की ज्याला मला हात लावता येत नव्हता. त्याच्याशी मी स्पर्धा तरी कशी करायची? तो ना बोलतो, ना चुकतो, ना वयाने म्हातारा होतो.

त्या दसऱ्याला वस्ताद खाटेवरून म्हणाले, "यंदा गुणवंता कापीन."

मी स्वतःच्या हाताने तलवार तुला दिली. तू उपरण्याने ती कमरेला बांधलीस; धार खाली ठेवण्याऐवजी वर. लगेच कोणीतरी ओरडले, "उलटी खोसली बे!" दुसरा म्हणाला, "जपानात सूर्य पश्चिमेले उगवते म्हनते." तू गुडघे मोडून कोहळ्यासमोर बसलास. "जेवाले बसला काय? वाढा रे त्याले!" सगळा आखाडा खदखदला. मीही हसलो. का हसू नये?

मग तू उजवा हात मुठीवर ठेवलास आणि हसणे आपोआप थांबले. कसे थांबले हे मी पुष्कळदा तोडून पाहिले आहे. तू काही केले नव्हतेस. नुसता श्वास सोडला होतास. डाव्या हाताने म्यान मागे गेले, तलवार बाहेर आली, तू एका गुडघ्यावर उठला होतास आणि पाते कोहळ्यावर होते. कोहळ्यावर, आत नाही. धारेला कुंकू लागले, सालीला ओरखडा नव्हता. तू तसाच थांबलास. मग पाते वळवून, खाली न पाहता, ते सावकाश म्यानात घातलेस आणि कोहळ्याला वाकून नमस्कार केलास.

वस्तादांनी विचारले, "कापला?"

कोणीतरी म्हणाले, "नाई, वस्ताद."

"मंग आवाज कायचा झाला?"

"आवाज नाई झाला, वस्ताद."

"तेच इचारून राह्यलो," वस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांतून पाणी आले. "असा हात मले नाई शिकवता आला."

तू उठून म्हणालास, "वस्ताद, मी कापत नसतो. मास्तरले द्या." आणि तलवार माझ्या हाती आली. मी कोहळा कापला. स्वच्छ एका घावात, दोन्ही फाका इतक्या सारख्या की तराजूत घातल्या असत्या. बाजूला बसलेला एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला, "झालं का? चला मंग घरी."

त्या दिवशी कस्तुरचंद तिथे होता. तो दसऱ्याला कधी येत नसे. त्याच्या जैन धर्माप्रमाणे कोहळ्याला बकरा समजून कापणे हीसुद्धा हिंसाच. मनाने बकरा मारला तर हात कोहळ्यावर पडला म्हणून पाप टळत नाही. म्हणून दरवर्षी दुकान बंद करून तो घरात बसे. त्या वर्षी कोणत्या कारणाने तो रस्त्यावर होता ते त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या मळ्यावर जाऊन तो म्हणाला, "गुणवंताभाऊ, मानसानं तलवार काढली अन् कोनाचंच काई झालं नाई, असं म्या पयल्यांदा पाह्यलं. मले शिकवा." चाळिशी उलटलेला, गुडघे दुखणारा, कधी काठीही न उचललेला माणूस. तू त्याला म्हणालास, "या उद्यापासून."

हे मला ठाऊक नव्हते. आणि त्याच आठवड्यात मीही तुझ्याकडे आलो होतो.

तू खळ्यावर ज्वारीची कणसे पसरत होतास. मी धुतलेले धोतर नेसलो होतो आणि हातात नारळ होता. शिष्याने वस्तादापुढे नारळ ठेवावा ही रीत तुला माहीत होती. आपण दोघांनी मिळून ती पाळली होती. बरोबरीच्या मित्रापुढे नारळ ठेवायला मला किती दिवस लागले हे तुला समजायला हवे होते. मी तो तुझ्यापुढे ठेवला. तू नारळाकडे पाहिलेस, माझ्याकडे पाहिलेस, तो उचललास, दगडावर फोडलास, निम्मा माझ्या हातात दिलास आणि निम्मा खाऊ लागलास.

"गोड निंगाला," तू म्हणालास. "वाशीमचा का?"

"गुणवंता, मी शिकायला आलो आहे."

"समजलं मले. खा न."

"मला ते बसून काढणे शिकव. आणि त्याच्या आजोबांचे गिरक्यांचे हातही."

"तुले नाई शिकवत."

"काहून?" मी इतका दुखावलो होतो की शाळेत पोरांना बंदी असलेला शब्द माझ्याच तोंडून गेला.

"तुया हाताले समदं आधीच ठावं हाय. मी एक दाखवीन, तू मनात पुढचे चार करून मोकया होशील. मंग मले म्हनशील, तुयं तिसरं चुकलं."

"चुकले असेल तर सांगू नये का?"

"पाह्य!" तू म्हणालास आणि खोबऱ्याचा तुकडा दाताखाली फोडलास.

मी तुझ्या हातून अर्धा नारळ खाल्ला आणि घरी आलो. नारळ स्वीकारला गेला की नाकारला गेला, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. रीतीत असा प्रसंगच सांगितलेला नाही.

नंतर कळले की कस्तुरचंद जातो. मग मी बांधावर बसून तुम्हां दोघांना पाहू लागलो. तो गुडघे मोडून बसताना कण्हायचा, उठताना तुझा हात धरायचा, तलवार चुकीच्या काखेत जायची. तू रागावत नव्हतास. माझ्यावर तू लहानपणी चिडायचास, "अबे लवकर!" म्हणायचास. त्याच्यापाशी तुला एवढा धीर कुठून आला? एकदा मी बांधावरूनच सांगितले, "शेठजी, डावे कोपर आत." तू वळून पाहिलेस आणि म्हणालास, "मास्तर, शाया भरली नाई का अजून?" कस्तुरचंद हसला नाही. तो म्हणाला, "सांगू द्या, भाऊ, मास्तर बरोबर सांगून राह्यले." त्याचा तो सज्जनपणा मला फार लागला.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो. माझे म्हणणे असे होते, आणि आहे: तलवार ही कापण्यासाठी घडवलेली वस्तू आहे. जी कापणार नाही असे आधीच ठरलेले आहे ती तलवार नव्हे, तो नाच आहे. अहिंसा श्रेष्ठ असेल तर तलवार विहिरीत टाकावी. हाती घेऊन न कापणे म्हणजे दोन्हीकडचा मान घेणे. हे मी तुला निदान तीन प्रकारे सिद्ध करून दाखवले. तू ऐकून घ्यायचास आणि "असंन" म्हणायचास. "असंन" हे उत्तर नव्हे, गुणवंता. ज्याच्याशी वाद घालायचा त्याने निदान वाद तरी द्यावा.

एकदाच दिलास. रिठदच्या बाजारातून बैल पाहून आपण पायी परतत होतो. ऊन कलले होते. मी तेच सिद्ध करत होतो. तू मध्येच म्हणालास, "म्या एका मानसाले कापताना पाह्यलं. समद्याइले उभं करून दाखवलं होतं. तलवार चांगली होती. हातबी चांगला होता, मास्तर. एकच घाव. तुयासारखा."

मी थांबलो. मी विचारले, "कोणाला कापले?"

तू माझ्याकडे असे पाहिलेस की जणू मी परीक्षेत भलत्याच प्रश्नाचे उत्तर लिहिले आहे. मग बैलांच्या किमतीविषयी बोलू लागलास आणि घर येईपर्यंत बोलत राहिलास. तो तुझा कोरियावाला होता का? की आपल्याच पलटणीतला कोणी? की घाव घालणाराच तो होता, तुझा गुरू? या तीन शक्यता मी पुष्कळदा मांडून पाहिल्या आहेत. प्रत्येकीत तुझे कोहळ्यावर थांबणे निराळे दिसते. कस्तुरचंदला यांतले काहीच माहीत नाही. हे मी त्याला विचारून खात्री करून घेतली. एवढे तू फक्त मला सांगितलेस. एवढ्यावर मी पुष्कळ दिवस जगलो. "तुयासारखा" हा शब्द मात्र तू परत घ्यायला हवा होतास, किंवा त्याचा अर्थ सांगायला हवा होतास. आता दोन्ही राहिले.

तो मलायाचा ताप दरवर्षी यायचा आणि जायचा. या पौषात आला तो गेला नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी कोयनेल दिले, तुझ्या वहिनीने काढे दिले. मी शाळा सुटल्यावर रोज येत होतो. तुझ्या अंगावर दोन गोधड्या घालून त्यांवर मी स्वतःचे वजन टाकून बसायचो, हुडहुडी थांबेपर्यंत. अशाच एका संध्याकाळी तू ग्लानीत काहीतरी बोललास, परक्या भाषेत, एक छोटे वाक्य, दोनदा. मी कान लावला. मला पाठांतराची सवय आहे. ते ध्वनी मला अजून जसेच्या तसे म्हणता येतात. अर्थ सांगणारा अनसिंगात कोणी नाही, वाशीमातही नाही. बोलताना तू माझे मनगट धरले होतेस. ते माझे म्हणून धरले होतेस की त्याचे, हे मला विचारता आले नाही. पण मनगट माझे होते, आणि तू ते सोडले नाहीस. त्याच रात्री तू गेलास.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी कस्तुरचंद माझ्या घरी आला. बसला नाही. दारातच म्हणाला, "गुरुजी, भाऊ सांगून गेले होते. म्हने, मी गेल्यावर मास्तर तुमच्याकडे येतीन. नाई आले तं तुमीच बोलवा. मी वाट पाह्यली. तुमी आले नाई."

"कशासाठी यायचे?"

"शिकाले."

मला काय वाटले ते लिहायला मराठीत शब्द आहेत, पण ते शाळामास्तराने लिहू नयेत असे आहेत. मी विचारले, "मग त्यानेच का नाही शिकवले?"

कस्तुरचंद म्हणाला, "म्या इचारलं होतं. भाऊ म्हनले, माह्यापासून तो शिकनार नाई. तो माह्याकडे पाह्यते तवा तलवार पाह्यत नाई, मले पाह्यते. तुमचा त्याले हेवा नाई, तुमच्यापासून शिकन."

गुणवंता, तू आयुष्यात मला इतके नीट कधी वाचले नव्हतेस, आणि नेमका शेवटी चुकलास. कस्तुरचंदचा मला हेवा नाही? या गावात सध्या मला ज्याचा सर्वाधिक हेवा वाटतो तो माणूस माझ्या दारात चपला हातात घेऊन उभा होता. तुझा सगळा हिशेब त्या एका गृहीतावर उभा आणि गृहीतच चूक. तू असतास तर मी तुला पाटीवर मांडून दाखवले असते.

तरी मी गेलो. का गेलो त्याचे कारण सरळ आहे. ते हात आता जगात, निदान मला पोहोचता येईल अशा जगात, त्या एका माणसापाशी आहेत. तेही अर्धेमुर्धे. गिरक्या त्याच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. त्या तो मला तोंडाने सांगतो आणि मी बांधावरून पाहिलेले आठवून करतो. तो म्हणतो, "नाई, भाऊ असे वळत नव्हते." मी म्हणतो, "असेच वळत होता. मी पाहिले आहे." तो म्हणतो, "तुमी लांबून पाह्यलं. म्या जवळून." अशा वेळी मला त्याचे उपरणे ओढावेसे वाटते. मग आम्ही दोघे तुझे वळणे पुन्हा पुन्हा करून पाहतो आणि दोघांनाही ते जमत नाही.

त्याच्या कापडाच्या कोठारात, गाठोडी बाजूला सारून, सकाळी दुकान उघडण्याआधी आम्ही बसतो. पहिले कित्येक दिवस त्याने मला तलवार काढूच दिली नाही. उजवा हात मुठीवर न्यायचा, एवढेच. मी न्यायचो. तो म्हणायचा, "नाई." पुन्हा. "नाई." मी विचारले, काय चुकले? तो म्हणाला, "ते मले सांगता नाई येत, गुरुजी. भाऊबी नाई सांगत होते." माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मी कोणत्याही पोराला कारण न सांगता चूक दिलेली नाही. मी त्याला तसे स्पष्ट सांगितले. त्याने नम्रपणे ऐकून घेतले, आणि म्हणाला, "नाई."

आज सकाळी माझा हात मुठीवर गेला आणि त्याच्याकडून काही आवाज आला नाही. मी मान वर केली. तो माझ्या हाताकडे पाहत होता. मग म्हणाला, "बरं."

एवढेच. मी इतके दिवस त्या एका शब्दासाठी नारळ ठेवला, बांधावर बसलो, तुझ्याशी भांडलो, आणि तो आला तेव्हा कोठारात कोऱ्या कापडाचा वास होता आणि समोर एक घामेजलेला जाडा माणूस होता. मला आनंद झाला नाही. तो शब्द त्याचा नव्हता. तुझा होता, तू त्याला असाच म्हणाला असशील, त्याच आवाजात, मान जराशी तिरकी करून, कारण त्याची मानही तिरकी झाली होती. त्याला तो तुझ्या तोंडून मिळाला, मला त्याच्या.

मी पुन्हा हात मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "परत पाहा, शेठजी."